मासा मरण्याआधीच ओळखा पाण्याचा मार

तळ्यावर मेलेले मासे तरंगू लागले की सगळे गाव काठावर जमते. फोटो निघतात, पंचनाम्याची मागणी होते, दुसऱ्या दिवशी बातमी येते. पण त्याच तळ्यातले मासे त्याआधी तीन-चार महिने खाद्य सोडत होते, अंगाने भरत नव्हते, रोज एक-दोन मरत होते, तेव्हा मालकाशिवाय कोणाचे लक्ष नसते. मालकही बहुधा एवढेच म्हणतो की बीज हलके निघाले, किंवा यंदाचे खाद्य लागू पडले नाही. बीज आणि खाद्य कधीकधी खरोखर वाईट असते. पण ज्या तळ्यात शेतातले, गावातले किंवा कारखान्याचे पाणी उतरते, तिथे पहिला संशय पाण्यावर घ्यायला हवा.

प्रदूषण माशाला एका रात्रीत मारते ते क्वचित. बहुतेक ठिकाणी ते त्याला महिनोन्‌महिने आतून खचवते. या खचण्यामागे शरीरातली एक ठरावीक प्रक्रिया असते. शास्त्रात तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. ती समजली तर तळ्यावरच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, आणि मरतूक होण्याआधी हात हलवायला वेळ मिळतो. शेततळ्यात रोहू-कटला सोडणारे शेतकरी, भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी (मामा) तलावांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्था, धरणाच्या जलाशयात पिंजरे टाकणारे तरुण, या सगळ्यांच्या उपयोगाचे म्हणून हे लिहितो आहे.

कल्ल्यांतून आत काय जाते

एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो विरघळून विरघळून 7.5 मिलिग्रॅम राहतो. म्हणजे पोटापुरता ऑक्सिजन मिळवायला माशाला अहोरात्र पाणी कल्ल्यांवरून ओढावे लागते. कल्ल्यांवरची त्वचा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी पातळ असते, नाहीतर ऑक्सिजन रक्तात उतरणारच नाही. त्याच पातळ पडद्यातून तांबे, अमोनिया, कीटकनाशकाचा अंश हेही रक्तात उतरते. नदीकाठचा माणूस घाण पाणी पिणे टाळू शकतो. माशाला श्वास टाळता येत नाही.

आता शरीराच्या आत काय होते ते पाहू. अन्नापासून ऊर्जा काढण्याचे काम पेशीतल्या तंतुकणिका करतात. तिथे वापरलेल्या बहुतेक ऑक्सिजनचे शेवटी पाणी होते, पण थोडा ऑक्सिजन अर्धवट क्रिया होऊन निसटतो. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सर्वांत घातक असे हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. हे कण समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतात. निरोगी माशाच्या शरीरात यांच्या बंदोबस्ताची चोख व्यवस्था असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. पुढे कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे पाणी करून टाकतात. जोडीला ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम असते. निर्मिती आणि बंदोबस्त यांचा मेळ बसलेला असतो तोवर मासा खातो, पळतो, वाढतो.

प्रदूषण हा मेळ बिघडवते. एकीकडे घातक कण जास्त तयार होतात, दुसरीकडे त्यांना आवरणारी विकरे निकामी होतात किंवा ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग पहिला घाव पेशीच्या आवरणावर बसतो, कारण ते आवरण चरबीचे असते. डब्यातले शेंगदाण्याचे तेल जुने झाले की खवट होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीच क्रिया इथे जिवंत पेशीत घडते. माशाच्या चरबीत ओमेगा-3 सारखी असंतृप्त स्निग्धाम्ले भरपूर असतात. डॉक्टर ज्या गुणासाठी मासे खायला सांगतात, त्याच गुणामुळे माशाच्या पेशी लवकर खवटतात. कल्ले, यकृत आणि मूत्रपिंड यांना पहिली झळ लागते. पुढे प्रथिने आणि पेशीतला डीएनएही सुटत नाही.

मत्स्यशेतकऱ्याच्या हिशेबात याचा अर्थ सरळ आहे. खाद्यातून आलेली ऊर्जा आणि प्रथिने वाढीऐवजी डागडुजीत खर्च होतात. चांगल्या व्यवस्थापनात किलोच्या आसपास जाणारा मासा निम्म्यावर अडकतो. रोगप्रतिकारशक्ती उतरते, आणि एरवी पाण्यात निमूट राहणारे एरोमोनासचे जिवाणू अंगावर लाल चट्टे आणि जखमा करू लागतात. शेतकरी दुकानातून प्रतिजैविक आणतो, चट्टे थोडे कमी होतात, पाणी तसेच राहते, महिन्याभरात चट्टे परत येतात. हे चक्र दिसले तर औषध बदलत बसू नका, पाणी तपासा.

कोणते प्रदूषण कसा मार देते

धातूंपैकी तांबे आणि लोह स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करतात. कॅडमियम, पारा आणि शिसे वेगळ्या वाटेने जातात: ते ग्लुटाथायोनला आणि विकरांना चिकटून त्यांना कामातून उठवतात. कातडी कमावण्याच्या आणि धातूवर मुलामा देण्याच्या उद्योगांतले षट्संयुजी क्रोमियम पेशीत शिरल्यावर रूप बदलते आणि त्या बदलातच घातक कण सोडते. पण शेततळ्याच्या मालकाला कारखान्याइतकीच, कधी त्याहून अधिक, काळजी मोरचुदाची करावी लागते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत मोरचुदाचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारले जाते. त्यातले तांबे मातीत साठते आणि मोठ्या पावसात मातीबरोबर उताराने खाली येते. उताराच्या तळाशी शेततळे असेल तर ते कुठे थांबणार, हे सांगायला नको. तळ्यातले शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची सवय तर सरळ घातक आहे. पाण्याची अल्कता लिटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर थोडेसे मोरचूदही मासे मारते. अल्कता पुरेशी असली तरी शेवाळ एकदम मरून कुजते आणि ऑक्सिजन ओढून घेते.

कीटकनाशकांबाबत एक गैरसमज आधी काढायला हवा. डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग माणसाला आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्यावरून ठरतो. माशांशी त्याचा संबंध नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधे माणसाला तुलनेने सौम्य असली तरी माशांना अत्यंत विषारी आहेत. पाण्यात अगदी अत्यल्प प्रमाणातही ती मासे मारतात. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधे मज्जासंस्थेतले ॲसिटिलकोलिनएस्टरेज विकर बंद पाडतात, आणि ही औषधे शरीराबाहेर टाकण्याच्या धडपडीत यकृतात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. त्यामुळे मारक मात्रेच्या कितीतरी खालची मात्राही माशाला झिजवत राहते. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पंप तळ्याच्या काठावर भरणे आणि तिथेच धुणे हे सर्रास चालते. मला यापेक्षा वाईट आणि यापेक्षा सहज थांबवता येणारी गोष्ट दुसरी दिसत नाही.

सांडपाण्याचा मार मात्र सर्वांत कमी समजला गेला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गावाचे, शहराचे किंवा साखर कारखान्याच्या मळीचे सेंद्रिय पाणी आले की जिवाणू ते कुजवतात आणि त्यात ऑक्सिजन खपतो. सोबत आलेल्या नत्र-स्फुरदामुळे शेवाळ माजून पाणी हिरवेगार होते. हिरवे पाणी दिवसा ऑक्सिजन सोडते. दुपारी तीन वाजता पाण्यात तो मावत नाही इतका होतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ ऑक्सिजन खाऊ लागते आणि पहाटे पाच वाजता मासा गुदमरतो. गुदमरताना पेशींचे काम मंदावते. सकाळी एकदम भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्या अर्धवट बंद पडलेल्या यंत्रणेतून घातक कणांचा लोंढा बाहेर पडतो. म्हणजे माशाला रोज दोनदा मार बसतो: पहाटे ऑक्सिजन नाही म्हणून आणि दिवसा तो एकदम आला म्हणून. मासे पहाटे वर येऊन तोंडे काढतात आणि नऊ वाजता खाली जातात, तेव्हा संकट टळले असे आपण समजतो. शरीराच्या आत त्याचे परिणाम पुढचे काही दिवस चालू असतात.

अमोनिया आणि नायट्राइट हे बहुतेक वेळा आपल्याच हातचे प्रदूषण. जास्त खाद्य, दाट संचयन आणि तळाशी साठलेला गाळ यांतून ते येते. किटवर दिसणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो. त्यातला मुक्त अमोनिया विषारी. पंचवीस अंशाला सामू 7 असेल तर मुक्त अमोनिया अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो, सामू 8 ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि सामू 9 ला छत्तीस टक्क्यांच्या घरात. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी 9 ओलांडतो. म्हणून सकाळी निर्धोक वाटलेला अमोनियाचा आकडा दुपारी त्याच तळ्यात विष ठरतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूपच बदलते; मग पाण्यात ऑक्सिजन असूनही रक्त तो वाहून नेऊ शकत नाही.

खऱ्या तळ्यात हे सगळे एकेकटे येत नाही. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरते. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. अशा पाण्यात धातू, साबण, सांडपाणी आणि शेतातली औषधे एकत्र असतात, आणि प्रत्येक घटक स्वतंत्रपणे ‘मर्यादेत’ असला तरी माशाचे शरीर त्या सगळ्यांशी एकाच ग्लुटाथायोनच्या साठ्यावर झुंजत असते. चिलापीसारखे सोशिक मासे अशा पाण्यात तग धरतात. मासे दिसतात म्हणजे पाणी ठीक आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

मासा हातात घेऊन पाहा

पंधरा दिवसांतून एकदा फेकजाळ्याने दहा-बारा मासे काढा. वजन तर कराच, पण एक मासा ओल्या फडक्यात धरून कल्ल्याचे झाकण अंगठ्याने उचलून बघा. निरोगी कल्ला ताज्या रक्ताच्या रंगाचा, कंगव्याच्या दातांसारखा सुटा सुटा दिसतो. त्यावर पांढुरका चिकटा साचला असेल, टोके एकमेकांना चिकटली असतील किंवा सुजली असतील, तर पाण्यात कल्ल्यांना जाळणारे काहीतरी आहे. कल्ले फिकट गुलाबी पडले असतील तर रक्त कमी झाले आहे. तपकिरी, चहाच्या रंगाकडे झुकलेले असतील तर नायट्राइटचा संशय पक्का. मासा कापायला घेतलाच असेल तर यकृतही पाहा: ते गडद तांबूस आणि घट्ट हवे, पिवळट, ठिसूळ, बोटाने दाबताच फुटणारे यकृत बिघाड सांगते. अर्थात पिवळे यकृत जास्त चरबीच्या किंवा खवट खाद्यानेही होते, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

वागणुकीतला फरक याहून आधी दिसतो. खाद्य टाकल्यावर पूर्वी पाच मिनिटांत पाणी उकळल्यासारखे व्हायचे ते आता होत नाही. मासे काठाशी सुस्त फिरतात. पाण्याच्या आवकीच्या तोंडापासून दूर सरकतात. या गोष्टी वहीत तारखेसह लिहा. स्मरणावर विसंबलेला माणूस महिन्याने ‘कधीपासून’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, आणि ते उत्तर नसेल तर कारण सापडत नाही.

मरतूक झालीच तर कोण आधी मेले ते पाहणे फार मोलाचे आहे. ऑक्सिजन संपल्याने मरतूक झाली तर ती पहाटे होते, मोठे मासे आधी जातात, तोंडे उघडी आणि कल्ले ताणलेले असतात. कीटकनाशकाने झाली तर दिवसाच्या कोणत्याही वेळी होते, लहान मासे आधी जातात, मासे गोल गोल फिरतात किंवा उसळ्या घेतात. बेडकांची पिल्ले आणि पाणकिडेही सोबत मरतात. ऑर्गनोफॉस्फेटने मेलेल्या माशाचे छातीचे पर बऱ्याचदा पुढे ताठ झालेले आढळतात. तळ्यात किडे जिवंत आणि फक्त मासे मेले असतील तर कीटकनाशकाचा संशय कमी धरा.

कोणत्या तपासण्या, कधी

विरघळलेला ऑक्सिजन आणि सामू या दोन गोष्टी दिवसातून दोनदा मोजायला हव्यात, सूर्य उगवण्याआधी आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास. फक्त सकाळी दहा वाजता मोजणाऱ्याला तळ्याबद्दल काहीच कळत नाही. दहा वाजता बहुतेक तळी ठीकच दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यव्यवसायासाठी योग्य पाण्याचे जे निकष दिले आहेत त्यांत ऑक्सिजन लिटरला किमान 4 मिलिग्रॅम आणि सामू 6.5 ते 8.5 असा आहे. संवर्धनाच्या तळ्यात पहाटेचा ऑक्सिजन 5 च्या आसपास ठेवण्याचे लक्ष्य धरा. तो 3 च्या खाली रोज जात असेल तर मासे ताणाखाली आहेतच, मग ते वर आले असोत वा नसोत. दुपार आणि पहाट यांच्या आकड्यांत जितका मोठा फरक, तितका मार जास्त. अमोनिया आणि नायट्राइटचे किट आठवड्यातून एकदा पुरे, पण अमोनिया दुपारच्या सामूसोबत वाचा. मुक्त अमोनिया लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर राहू लागला की कल्ल्यांना इजा सुरू होते असे धरून चाला.

पाण्याची पारदर्शकता पाहायला यंत्र लागत नाही. वीस सेंटिमीटर व्यासाचा पत्रा गोल कापा, त्याचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये खुणा केलेली दोरी बांधा आणि पाण्यात सोडा. तबकडी 25 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी चांगले. पंधरावरच दिसेनाशी झाली आणि पाणी हिरवे असेल तर पहाटेच्या गुदमरीची तयारी ठेवा, खाद्य आणि शेणखत थांबवा.

ऑक्सिडीकरणाचा ताण थेट मोजायचा तर प्रयोगशाळेत सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन आणि चरबी खवटल्याची खूण असलेले मॅलोनडायअल्डिहाइड तपासतात. या चाचण्या नेहमीच्या वापराच्या नाहीत. त्यांना ताजे, लगेच गोठवलेले यकृत किंवा कल्ले लागतात, आणि आकड्यांचा अर्थ लावायला त्याच जातीच्या, त्याच वयाच्या निरोगी माशांचे आकडे शेजारी हवेत. सुरुवातीला ही विकरे वाढतात, कारण शरीर झुंज देत असते. ताण लांबला की ती घसरतात. म्हणून नुसते ‘कॅटालेज कमी आले’ म्हणून कोणी औषध विकायला आला तर घेऊ नका. ज्या संस्थेच्या तलावात वर्षानुवर्षे बाहेरचे पाणी येते तिने मात्र मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, किंवा रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर येथील मत्स्य महाविद्यालयांपैकी जवळच्या ठिकाणी संपर्क करून असा अभ्यास करण्याची विनंती जरूर करावी. विद्यार्थ्यांना विषय मिळतो आणि तुम्हाला पुरावा मिळतो.

तळ्यावर काय करायचे

आधी पाणी येण्याची वाट ताब्यात घ्या. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांचे पाणी शेतातली औषधे, रस्त्यावरचे तेल आणि उन्हाळाभर साचलेली घाण घेऊन येते. आवकीच्या तोंडाशी फळी किंवा झडप बसवा आणि ते पाणी बाजूच्या चरातून काढून द्या. तळ्याच्या वरच्या अंगाला गाळ बसण्यासाठी लहान खड्डा आणि त्यानंतर वाळ्याचा किंवा गवताचा रुंद पट्टा असेल तर मातीसोबत येणारे तांबे आणि कीटकनाशकाचा मोठा भाग तिथेच अडतो. शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. तो कधी, काय फवारणार आहे हे आदल्या दिवशी कळले तरी आवक बंद करता येते. फवारणीचा पंप तळ्यावर धुवायचा नाही, रिकामे डबे काठावर टाकायचे नाहीत, हा नियम स्वतःच्या घरापासून सुरू होतो.

एअरेटर असेल तर तो मध्यरात्रीपासून सूर्य वर येईपर्यंत चालायला हवा. दिवसाढवळ्या चालवून वीज जाळण्यात फायदा नाही. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज दिवसाच्या पाळीत येते आणि पहाटे एअरेटर बंद राहणार, त्या आठवड्यात खाद्य कमी करा. एअरेटर नसेल तर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी फवाऱ्यासारखे उंचावरून पाडा. मासे वर आले असताना ज्या ओढ्यातून घाण आली त्याच ओढ्याचे पाणी घेऊ नका. गुदमरून वाचलेल्या माशांना त्या दिवशी खाद्य देऊ नका आणि आठवडाभर जाळे लावू नका. खाद्य पचवायलाही ऑक्सिजन लागतो, आणि जाळ्यातली धावपळ आधीच थकलेल्या शरीरावर नवा ताण टाकते.

संकटात केलेल्या तीन गोष्टी हमखास अंगाशी येतात. अमोनिया वाढलेला असताना चुना टाकला की सामू चढतो आणि मुक्त अमोनिया कित्येक पट होतो; आधी अमोनिया मोजा, मग चुन्याचा विचार करा. पोटॅशियम परमँगनेट हे स्वतःच तीव्र ऑक्सिडीकारक आहे. अंदाजाने मूठभर टाकलेले लाल औषध ताणाखालच्या माशाचे कल्ले जाळते. आणि मोरचुदाबद्दल वर सांगितलेच.

नायट्राइटवर मात्र घरगुती मीठ खरोखर काम करते, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नायट्राइट-नायट्रोजनच्या दहापट क्लोराइड असावा, असा ढोबळ हिशेब आहे. तीस बाय तीस बाय तीन मीटरचे, एकास एक उताराचे शेततळे पूर्ण भरले तर त्यात 2,196 घनमीटर पाणी मावते. त्यात नायट्राइट-नायट्रोजन लिटरला 1 मिलिग्रॅम निघाला तर 10 मिलिग्रॅम क्लोराइड हवा, म्हणजे सगळ्या तळ्याला साधारण 22 किलो क्लोराइड, आणि तो सुमारे 36 किलो मिठातून मिळतो. त्याआधी क्लोराइड तपासून घ्या; विहिरीच्या पाण्यात बऱ्याचदा तो पुरेसा आधीच असतो आणि मीठ टाकायची गरजच नसते.

खाद्य हा बंदोबस्ताचा दुसरा भाग. हाडांचे बहुतेक मासे क जीवनसत्त्व शरीरात तयार करू शकत नाहीत, ते खाद्यातूनच मिळावे लागते. साधे क जीवनसत्त्व उष्णतेने आणि साठवणीत नष्ट होते. म्हणून खाद्य घेताना फॉस्फेटशी जोडलेले, टिकाऊ क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम आहे का हे पाकिटावर वाचा, आणि उत्पादनाची तारीख पाहा. घरचे खाद्य देणाऱ्यांनी भाताच्या कोंड्याबाबत विशेष सावध राहावे. कच्चा कोंडा फार लवकर खवटतो. असा कोंडा देणे म्हणजे माशाच्या पोटात आधीच खवट झालेली चरबी भरणे. कोंडा ताजा आणा, वास घ्या, आठवड्यापुरताच साठवा. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड जनावरांना देत नाही तशी माशांनाही देऊ नका. पण जीवनसत्त्वांनी घाण पाणी धुऊन निघत नाही. खाद्यातली मदत माशाला तग धरायला वेळ देते, एवढेच तिचे काम.

जलाशयात पिंजरे टाकणाऱ्यांना पाणी अडवता येत नाही. त्यांनी नदी जलाशयात शिरते त्या तोंडापासून आणि शहराच्या बाजूच्या काठापासून पिंजरे शक्य तितके लांब ठेवावेत, पिंजऱ्याखाली पाण्याची पुरेशी खोली राहील असे पाहावे, आणि उन्हाळ्यात पातळी उतरू लागली की मासे मोठे होण्याची वाट न पाहता संख्या कमी करावी. खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: यकृत, मूत्रपिंड आणि कल्ले यांत धातू जास्त साठतात, म्हणून प्रदूषित पाण्यातल्या माशाचे हे भाग आणि डोके टाकून द्यावे. पारा मात्र मांसातही उतरतो, आणि शिजवल्याने कोणताही धातू जात नाही.

तक्रार करायची असेल तर

मरतूक दिसली की पहिल्या तासात ऑक्सिजन आणि सामू मोजून वेळेसह लिहा. पाण्याचा नमुना आवकीच्या तोंडाशी आणि तळ्याच्या मध्यावर, असा दोन ठिकाणी घ्या. कीटकनाशकासाठी स्वच्छ काचेची गडद बाटली काठोकाठ भरा, धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली वापरा. कुजलेला मासा कोणत्याच प्रयोगशाळेच्या उपयोगाचा नसतो. धडपडत असलेले किंवा नुकतेच मेलेले मासे घ्या, काही बर्फात ठेवा, काही ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून गोठवा. तुमचा नमुना कारण शोधायला उपयोगी पडतो. पण जलप्रदूषण कायदा, 1974 नुसार सांडपाणी सोडणाऱ्यावर कारवाई व्हायची तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कायद्यातल्या पद्धतीने नमुना घ्यावा लागतो, आणि वाहते पाणी त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे विभागीय कार्यालय आणि जिल्ह्याचे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, या दोघांना त्याच दिवशी लेखी कळवा, तळ्यावरच्या वहीतल्या मागच्या नोंदींची प्रत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परत येऊ नका.